सोलापुरातून पॉडकास्ट सुरू करायचाय, हातात दहा हजार. काय घेऊ, काय नको?

बाळीवेसकरीण

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी एका वाचनालयात काम करते. दुपारी पेपर वाचायला येणाऱ्यांत गिरणीतून निवृत्त झालेले बरेच जण असतात. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. पेपर दहा मिनिटांत संपतो आणि मग 'शांतता राखा'च्या पाटीखालीच गप्पा रंगतात. कुणी साचेखात्यात (मागांच्या खात्यात) जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होतं, कुणी वर्षानुवर्षं बदली कामगार. भोंग्याच्या वेळा अजून तोंडपाठ. एका आजोबांच्या वडिलांनी सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ (लष्करी कायदा) पाहिलेला, ते घरी काय सांगायचे हे आजोबा वडिलांच्याच आवाजात करून दाखवतात. हे सगळं रेकॉर्ड करून पॉडकास्ट करायचं डोक्यात घेतलंय.

भाचा म्हणतो, दोन कॅमेरे, मागे निऑनचा दिवा आणि तोंडासमोर मोठ्ठा माइक असल्याशिवाय हल्ली कुणी ढुंकून बघत नाही. माझ्याकडे एकरकमी दहा हजार आहेत, आणि दरमहा पाचशेच्या वर झेपणार नाही. फोन साधा अँड्रॉइड, लॅपटॉप म्हातारा पण चालू.

तर माइक कोणता घेऊ? घर रस्त्यावर, खाली रिक्षाथांबा, मग खोलीचं काय करू? एपिसोड चढवायचा कुठे? आणि मुख्य म्हणजे, कुणी प्रसिद्ध पाहुणा नसताना ऐकणारे कुठून आणायचे?

भोंगा

ताई, माइकचं नाव विचारण्याआधी खोलीच्या मधोमध उभ्या राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टंग्' असं काही ऐकू आलं तर महागातला माइकही तोच टंग् पकडणार, आणि जास्त स्वच्छ पकडणार. माझा साउंडचा धंदा आहे. लग्न, सभा, सिद्धेश्वराची गड्डा जत्रा, सगळीकडे फिरतो. लोक माइकवर पैसे घालतात आणि खोलीकडे बघतच नाहीत. आपल्याकडच्या खोल्या म्हणजे वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना ऑइलपेंट. घुमणार नाही तर काय होईल?

सोलापुरात राहून ऑनलाइन फोम मागवू नका. चादरी काढा. पण एकेरी चादर भिंतीला चिकटवून लावली तर ती फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषते, आवाज आणखी कोंदट वाटतो. दुहेरी घडी करा आणि भिंतीपासून चार बोटं पुढे दोरीवर टांगा, मग फरक कळेल. त्याहून भारी वाकळ, त्याहून भारी उभी केलेली गादी. बोलणाऱ्याचं तोंड ज्या भिंतीकडे असेल तिथे एक, त्याच्या पाठीमागे एक, खाली सतरंजी. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट दार उघडून ठेवलं तरी काम होतं.

आता रिक्षाथांबा. चादर, गादी, फोम यांतलं काहीही बाहेरचा आवाज अडवत नाही. खोलीतलं घुमणं कापडानं जातं. बाहेरचा आवाज फक्त जाड भिंत, घट्ट बंद खिडकी आणि योग्य वेळ यांनीच कमी होतो. रस्त्याकडची खोली सोडा, सगळ्यात आतली घ्या, न्हाणीघराशेजारची का असेना. पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये हे सोलापुरात शिक्षेसारखं आहे, म्हणून सकाळी सात-साडेसातला बसा, म्हाताऱ्या माणसांना तीच वेळ बरी पडते. फ्रीज बंद केलात तर घराची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा, म्हणजे जाताना तो परत चालू करायचं विसरणार नाही.

माइकचं: भाचा म्हणतो तसल्या मोठ्या माइकांत काही कंडेन्सर जातीचे असतात. ते शांत स्टुडिओसाठी. आपल्या घरात ते शेजारचा कुकरही टिपतात. डायनॅमिक माइक जवळचंच पकडतो, पण त्याला तोंड माइकपासून चार-सहा इंचांवर ठेवावं लागतं. स्टेजची सवय नसलेला माणूस बोलता बोलता मागे रेलतो आणि आवाज गायब. तुमच्या आजोबांना कॉलरला लावायचा वायरचा क्लिपमाइक बरा. बोया बीवाय-एम१ हजाराच्या आसपास मिळतो, वायर सहा मीटर लांब. दोन घ्या. छातीवर मधोमध लावा, जानवं, माळ, शाल, खिशातलं पेन यांना घासणार नाही असं बघा. बाजारात पाचशेला मिळणारे बिनवायरचे क्लिपमाइक घेऊ नका, आवाज दाबतात आणि मधेच शब्द गिळतात.

हुतात्मा_एक्सप्रेस

मूळ सोलापूरकर, सध्या पुण्यात ऑडिओच्याच क्षेत्रात. भोंगा यांच्याशी सहमत, फक्त एक भर. दोन क्लिपमाइक एकाच फोनला जोडणारा वाय-स्प्लिटर घेऊ नका, दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर मिसळतात आणि पाहुण्याचा खोकला काढायला गेलात की तुमचा प्रश्नही जातो. त्यापेक्षा दोन फोन, प्रत्येकाला आपला माइक. दोन्हीवर रेकॉर्डिंग सुरू करून एक टाळी वाजवा, नंतर लॅपटॉपवर दोन्ही टाळ्या एकाखाली एक आणल्या की झालं. मात्र दोन फोनची घड्याळं तंतोतंत एका गतीनं चालत नाहीत, तासाभरानं उत्तर प्रश्नाच्या आधी ऐकू यायला लागतं. म्हणून दर वीस मिनिटांनी चहापाण्याच्या निमित्तानं पुन्हा एक टाळी.

दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर. रेकॉर्डिंग ॲपमध्ये वेव्ह फाइल निवडा. मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट ठेवलं तर तासाला साधारण ३५० एमबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी करा. नव्या फोनला गोल पिनचं भोक नसतं, टाइप-सीची जोडणी लागेल. दुकानातच बोलून, रेकॉर्ड करून बघा, नुसती गाणी ऐकवणाऱ्या काही जोडण्या माइक ओळखतच नाहीत.

चढवायचं कुठे? 'स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स' फुकट आहे. हेच पूर्वीचं अँकर, स्पॉटिफायनं २०१९ मध्ये घेतलं. तिथून तुमच्या कार्यक्रमाचा आरएसएस फीड (सगळे भाग दुसऱ्या ॲपना पोचवणारी लिंक) मिळतो, तो घेऊन ॲपल पॉडकास्ट्सवर स्वतः नोंदवा. यूट्यूबलाही तोच फीड जोडता येतो, ते मुखपृष्ठाच्या चित्राचा स्थिर व्हिडिओ आपोआप बनवतं. जुन्या व्हिडिओंत गूगल पॉडकास्ट्सचा सल्ला दिसेल, ते २०२४ मध्ये बंद झालं. मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. अक्षरं मोठी ठेवा, फोनवर ते नखाएवढंच दिसतं. वर्णनात 'सोलापूर' आणि गिरण्यांची नावं मराठीत आणि रोमन लिपीतही टाका, कारण निम्मे लोक मराठी शब्द रोमनमध्येच टाइप करून शोधतात.

भाग वीस मिनिटांचे ठेवा. आठ भागांचा एक हंगाम. तीन भाग पूर्ण तयार झाल्याशिवाय पहिला सोडू नका.

शंकासुर

मला कुणाचा विरस करायचा नाही, पण माइक-चादरीत सगळे रमलात आणि ताईंचा शेवटचा प्रश्न तसाच राहिला. ऐकणार कोण? तरुण पोरं रील बघतात. म्हातारे टीव्ही बघतात. पुण्या-मुंबईचे सोलापूरकर गावच्या आठवणीनं दोन भाग ऐकतील, 'वा वा' लिहितील, तिसऱ्याला गायब. मराठीत पॉडकास्ट सुरू होतात खूप, सातव्या-आठव्या भागात बंद पडतात. माइक बिघडला म्हणून नाही.

माग_धोटा

शंकासुर मालक, ऐकणारे कोण ते आमच्या पूर्व भागात येऊन बघा की.

माझी आई विडी वळते. गल्लीतल्या निम्म्या बायका वळतात. मांडीवर सूप, हातात कात्री, पान कापायचं, तंबाखू भरायचं, वळायचं. डोळे नि हात गुंतलेले, कान रिकामे. सकाळपासून फोनवर काय ना काय लावलेलंच असतंय. भजन, कीर्तन, कुठल्यातरी सीरियलचा नुसता आवाज. पलीकडं युनिफॉर्म शिवणाऱ्या बायका, त्याबी शिलाई मशीनच्या आवाजात ऐकूलालेत. आमच्या मागावर मात्र काही खरं नाही, तिथं आपण काय बोललो ते आपल्यालाच ऐकू येत नाही.

आता बगा, ह्या बायकांच्या फोनात स्पॉटिफाय नाही. यूट्यूब आणि व्हॉट्सॲप, बास. आणि तंबाखूच्या हातानं दर वीस मिनिटाला स्क्रीन कोण पुसत बसतंय बे? एकदा लावलं की पाऊण तास वाजलं पाहिजे. हुतात्मा भाऊंचा वीस मिनिटांचा हिशोब पुण्यातल्या ऑफिसला जाणाऱ्याचा हाय. हितं चालत नाही.

आणि त्या निऑन दिव्याकडं बघणारंच कुणी नाही. भाच्याला सांगा.

हुतात्मा_एक्सप्रेस

मान्य, लांबीचा मुद्दा मागे घेतो. मग एक करा. वीस-वीस मिनिटांचे तुकडे रेकॉर्ड करा (घड्याळाची भानगडही सुटेल), पण भाग म्हणून दोन तुकडे जोडून सोडा. आणि हात कामात असलेल्या माणसाचं लक्ष मधेमधे जाणारच. म्हणून पाहुण्याचं नाव आणि विषय दर आठ-दहा मिनिटांनी सहज बोलण्यात यायला हवा. 'तर मामा, साचेखात्यात लागल्यावर...' एवढंच पुरे. रेडिओवाले हे करत आलेत.

शंकासुर

विडीचं पटलं. यावरून आठवलं, क्युबात सिगार वळणाऱ्या कारखान्यांत कामगारांना काम चालू असताना मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस असायचा. हवानात ही पद्धत १८६५ पासूनची. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी, आणि त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून द्यायचे. तंबाखू वळणारे हात आणि ऐकणारे कान यांचं नातं जुनं दिसतंय.

पण मग ताईंनी फक्त गिरणीतल्या पुरुषांना बोलवून कसं चालेल? ऐकणाऱ्या बायका असतील तर बोलणाऱ्याही हव्यात.

बाळीवेसकरीण

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाचनालयात दुपारी येतात ते सगळे पुरुष, त्यामुळे यादीही तशीच झाली. विडी कारखान्यातल्या, कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतल्या, गिरणीत वाइंडिंगला (सूत गुंडाळायला) असलेल्या आज्या शोधायला हव्यात. माग_धोटा, मदत कराल का?

आणि एक अडचण. आमचे दोन आजोबा रंगात आले की तेलुगूत शिरतात. एक जण कानडीत. त्याचं काय करू, कापू का?

माग_धोटा

कापू नका ओ ताई. खरं बोलायचं ते माणूस घरच्या भाषेतच बोलतंय. आमच्या घरात कौतुक तेलुगूत, भांडण मराठीत, हिशोब दोन्हीत. एक-दोन वाक्यं तशीच राहू द्या, मग तुम्ही मराठीत 'म्हणजे मुकादमानं हजेरीच लावली नाही म्हणताय' असं विचारल्यासारखं म्हणा. ऐकणाऱ्याला अर्थबी कळतो आणि आजोबांची लयबी तुटत नाही. तेलुगू कळणारा शेजारी बसायला मी येतो. आज्यांचं विचारतो.

वकिलीण

रेकॉर्डिंगआधीच्या गोष्टी, कारण नंतर निस्तरणं महाग पडतं.

संमती. टाळी वाजवल्यावर पहिल्याच मिनिटाला पाहुण्याच्या आवाजात नाव, तारीख, आणि हे इंटरनेटवर सर्वांसाठी जाणार आहे याला हरकत नाही, एवढं बोलून घ्या. हे भागात ठेवायचं नाही, फाइल जपायची. साधा एक पानी मराठी कागदही करा, पण सही करायला कचरणारी म्हातारी माणसं बोलायला कचरत नाहीत. भाग सोडण्याआधी त्यांना ऐकवा. 'हे काढा' म्हणाले तर वाद न घालता काढा.

बदनामी. गिरणी बंद का पडली यावर बोलताना नावं येणारच. अमक्यानं पैसे खाल्ले, तमका पुढारी मालकाला फितूर होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे, आणि 'मी नाही, पाहुणा म्हणाला' हा बचाव प्रसिद्ध करणाऱ्याला आपोआप मिळत नाही. निकालपत्रासारखा पक्का कागद हातात असेल तर नाव ठेवा. नसेल तर प्रसंग ठेवा, नाव गाळा. प्रसंगाची धार त्यानं कमी होत नाही.

संगीत. 'तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालतं' हे सगळीकडे ऐकाल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सवलत कुठेही नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो, आणि गाण्याचे शब्द नि चाल यांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तुकोबांचा अभंग मोकळा आहे, पण कुणीतरी गायलेली त्याची कॅसेट मोकळी असेलच असं नाही. आणि आजीनं तुमच्यासमोर ओवी म्हटली तर त्या गाण्यावर कलाकार म्हणून तिचा हक्क आहे, तिला विचारून घ्या. सुरुवातीच्या धूनसाठी यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं काही घ्या किंवा ओळखीतल्या हलगीवाल्याकडून दहा सेकंद वाजवून घ्या.

भोंगा

धून कशाला शोधता? चालू मागाचा आवाज घ्या! पण मुलाखतीच्या वेळी नव्हे. वेगळा जाऊन घ्या. फोन मागाच्या अगदी जवळ धरला तर आवाज फाटतो. दारात उभं राहून दोन मिनिटं घ्या, नंतर माग बंद पडतानाचा आवाजही घ्या, तो पट्टा सुटत थांबतो ना, तो. कथनाच्या खाली हळू ठेवला की वेगळी रोषणाई नको.

कडक_भाकरी

मी कॉलेजला आहे, मित्रांच्या पॉडकास्टचं एडिटिंग करते. ताई, लॅपटॉप म्हातारा असला तरी ऑडासिटी हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालेल. फुकट आहे. माझा क्रम सांगते.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दहा सेकंद कुणीच काही बोलायचं नाही. श्वास पण हळू. तो रिकाम्या खोलीचा नमुना ऑडासिटीच्या नॉइज रिडक्शनला द्यायचा, मग तो तेवढाच गुरगुराट काढतो. थोडाच काढा. जास्त काढला की माणूस डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो. मग हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झला, म्हणजे लांबच्या ट्रकची, मागाची घरघर जाते आणि आवाजाला धक्का लागत नाही. मग कापाकापी. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्या भागांचा आवाज एका पातळीवर आणणं; ती पातळी लफ्समध्ये मोजतात. स्टिरिओ असेल तर उणे १६ लफ्स, मोनो असेल तर उणे १९. ऑडासिटीत मोनोला ड्युअल-मोनो (दोन्ही कानांत तोच आवाज) धरण्याची चौकट टिक केलेली असेल तर मोनोलाही १६ च ठेवा. हे केलं नाही तर एका भागाला आवाज वाढवायला लागतो, दुसऱ्याला कानठळ्या.

आवाज स्वच्छ करणारी एआयची फुकट साधनं आहेत. रिक्षाच्या आवाजात बुडालेली एखादी चांगली गोष्ट वाचवायला छान. पण पूर्ण भागाला लावू नका. थरथरणारा आवाज, तेलुगू शब्द, दात नसलेल्या तोंडाचा उच्चार, हे सगळं त्यांना गोंधळ वाटतं आणि ती ते पुसून नवीनच काहीतरी घालतात.

शांतता कापताना पण जपून. आजोबा 'मग...' म्हणून थांबले असतील तर ते थांबणं ठेवा. माझे मित्र सगळे पॉज उडवतात, मग पाहुणा धापा टाकत बोलतोय असं वाटतं.

निर्यात एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस. अर्ध्या तासाला १४ एमबीच्या आसपास. बोलण्याला पुरतं, आणि कमी डेटावाल्यांना परवडतं.

डाळिंबराव

राम राम. मी सांगोल्याकडचा. माझ्या पॉडकास्टवर डाळिंबावर बोलतो, तेल्या नि मर हे रोग, छाटणी, बाजार. गाडीत बसून रेकॉर्ड करतो, कारण बंद गाडी, सीट आणि कापडी छत म्हणजे फुकटचा स्टुडिओ. उन्हात नाही, सावलीत लावायची.

वाढीबद्दल दोन गोष्टी लिहितो, बाकी तुम्हा लोकांना जास्त कळतं.

दिवस ठरवा आणि तो मोडू नका. माझा भाग ठरलेल्या वारी सकाळी असतो, शेतकरी फवारणीला निघायच्या आधी. पंधरा दिवसांनी एक टाकणार असाल तर पंधरा दिवसांनीच, पण त्याच वारी. झेपेल तेवढंच सांगा. आठवड्याचं कबूल करून दमलेले बघितलेत.

दुसरं, श्रोत्याला बोलू द्या. मी प्रत्येक भागाच्या शेवटी नंबर देतो (वेगळं सिम, घरचा नंबर नाही), व्हॉइस नोट पाठवा म्हणतो. पुढच्या भागाची सुरुवात त्यातल्याच एखाद्या आवाजानं. ज्याचा आवाज लागतो तो सगळ्या पाहुण्यारावळ्यांना, गावच्या ग्रुपवर आपणहून पाठवतो. जाहिरातीला पैसे घालायची गरज पडली नाही. तुमच्याकडे तर सोपं आहे. 'तुमच्या घरात गिरणीचं कोण होतं, कुठल्या खात्यात?' एवढाच प्रश्न टाका.

आणि पूर्ण ऑडिओ फाइल सरळ व्हॉट्सॲपवर द्या. लिंक दाबून ॲप उघडा, खातं काढा, हे आमच्याकडे कुणी करत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

डाळिंबराव, इथे मात्र माझा विरोध. फाइल फिरली की मोजणी संपली. किती जणांनी ऐकलं, कुठे सोडलं, काहीच कळत नाही. उद्या एखादा चादरवाला प्रायोजक म्हणून आला तर दाखवणार काय? एका मिनिटाचा तुकडा, स्टेटसला लागेल असा, त्याखाली यूट्यूबची लिंक. पूर्ण फाइल नाही.

डाळिंबराव

आकडा दाखवून प्रायोजक मिळतो हे पुण्यात. माझ्याकडे रोपवाटिकावाला आला तो त्याच्या दुकानात तीन गिऱ्हाइकांनी माझं नाव घेतलं म्हणून. औषध कंपन्यांचे लोक पण आले होते, त्यांना नको म्हटलं. ज्या औषधाचे पैसे घेतले त्याच्याबद्दल खरं कसं बोलणार? रोपवाटिका, ठिबक, क्रेट, इथपर्यंत ठीक.

वकिलीण

प्रायोजक घेतलात तर तो घेतल्याचं बोलून सांगा. जाहिरात मानक परिषदेची २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ऑडिओत सुरुवातीला आणि शेवटी तसं स्पष्ट म्हणावं असं त्यात आहे.

कडक_भाकरी

फाइल की लिंक यावर: दोन्ही! पाहुण्याच्या घरच्यांना आणि ज्या आज्या ॲप उघडत नाहीत त्यांना फाइल. ग्रुपवर आणि स्टेटसवर तुकडा नि लिंक. आणि फाइलच्या शेवटी तुमच्याच आवाजात 'यूट्यूबवर अमुक नावानं शोधा' असं असू द्या, म्हणजे फिरत गेलेली फाइल पण परत आणते.

यूट्यूबच्या कमाईवर फार आशा ठेवू नका, १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं असा जाहिरातींच्या वाट्याचा उंबरठा आहे. पण पाऊण तासाचा भाग विडी वळताना पूर्ण वाजला तर तास भरतात भराभर. रीलवाल्यांपेक्षा तुम्हाला ते सोपं जाईल, खरं तर.

शंकासुर

एक कुणीच बोललं नाही. प्रश्न. 'तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?' असं विचारलं की आपल्याकडचा माणूस 'काय वाटायचं, चांगलं वाटलं' म्हणून गप्प बसतो. हातानं काय करायचात ते विचारा. भोंगा झाला, मग दारातून आत गेल्यावर पहिलं काय? डबा कुठे ठेवायचे? पगाराच्या दिवशी घरी जाताना काय न्यायचात? संपाच्या दिवसांत उधारी कोण द्यायचं? एकदा हात आठवले की माणूस आठवतो.

मार्शल लॉ नि चार हुतात्म्यांबद्दल मात्र आधी वाचून जा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, एवढं पक्कं. घरात सांगितल्या गेलेल्या गोष्टीत तारखा, जागा सरकतात. आजोबांना मधे तोडू नका, पण तुमच्या निवेदनात बरोबर तारीख सांगा.

बाळीवेसकरीण

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोन दिवसांत वहीची पानं भरली. ठरवलेलं लिहिते, काही चुकत असेल तर अडवा.

क्लिपमाइक दोन, अंदाजे दोन हजार. टाइप-सीच्या जोडण्या सातशे. वायरचा हेडफोन सहाशे. फाइली दोन ठिकाणी ठेवायला दोन पेनड्राइव्ह, दोन हजारांच्या आत. मुखपृष्ठ एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याकडून, हजार (फुकट करतो म्हणाला, नको म्हटलं). दुसरा फोन भाच्याचा, निऑन दिव्याच्या बदल्यात त्याला निर्मात्याचं श्रेय. उरतात साडेतीन हजारांच्या वर, ते पाहुण्यांच्या रिक्षाला आणि शेंगाचटणीच्या पुड्याला, रिकाम्या हातानं कुणाला पाठवायचं नाही.

दर पंधरा दिवसांनी एक, पाऊण तासाचा. आळीपाळीनं एक आजोबा, एक आजी. पहिला भाग १२ जानेवारीला सोडावा असं मनात आहे. गड्डाही तेव्हाच असतो, बाहेरगावचे सोलापूरकर घरी आलेले असतात.

हुतात्मा_एक्सप्रेस

तारीख उत्तम, पण पहिला भाग हुतात्म्यांवर नको. त्या दिवशी सगळे तेच टाकतात, तुमचा त्यात हरवेल. गिरणीतलाच टाका आणि मार्शल लॉचा किस्सा त्या आजोबांच्या ओघात येऊ द्या.

भोंगा

गड्ड्याच्या दिवसांत मी सापडणार नाही, नंदीध्वजांच्या मिरवणुकीपासून शोभेच्या दारूकामापर्यंत धंद्याचे दिवस. त्यामुळे रेकॉर्डिंग डिसेंबरातच उरका, थंडीत पंख्याचाही प्रश्न नाही. चादरी टांगायला दोन स्टँड आणि आडवा पाइप माझ्याकडून न्या, भाडं नको. पहिल्या दिवशी येऊन टाळी मी वाजवून बघतो.

माग_धोटा

ताई, साखर पेठेतल्या एका आजीला विचारलं. विडी वळत होती, हात थांबवला नाही. बोलेन म्हणाली, पण सुनेसमोर नाही. सून मंगळवारी माहेरी चाललीय, बुधवारी सकाळी येता का?